मेंदूचा नकाशा आणि मालवणी बोलणारा पेशंट

(मालवण येथील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, विषय जाहीर झालाय तो ‘मेंदूतील जाळ्यांचा नकाशा आणि शस्त्रक्रिया’. त्याकडे येतोच. पण आधी एक तक्रार मांडतो: मेंदूच्या शस्त्रक्रियेत आपल्या माणसाचं बोलणं तपासतात, पण त्याच्या मालवणीत नाही. ती मालवणात नाही मांडायची तर कुठे?

मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत. म्हणून भाषेच्या भागाजवळची गाठ काढताना, कवटी उघडून झाली की पेशंटला जागं करतात. सर्जन मेंदूवर विजेचा अगदी सौम्य प्रवाह लावतो, फार तर चार सेकंद, आणि त्याच वेळी समोर चित्र धरतात. पेशंटने पूर्ण वाक्य म्हणायचं: ‘हे घर आहे’, ‘ही खुर्ची आहे’. ‘हे… हे…’ करत अडला तर नाव सापडत नाही. अवाक्षर निघालं नाही तर बोलणंच थांबलंय. मग तिथे आकड्याची चिठ्ठी ठेवायची, पुन्हा तपासायचं, आणि खात्री पटली की ती जागा सोडून द्यायची.

मी साहाय्यक असताना, एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात आपल्याकडचा एक रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारा मच्छीमार, टेबलावर होता. चित्रांचा संच परदेशी, त्यात बर्फाचा माणूससुद्धा! मग मासा आला आणि हा गप्प. सर्जनने प्रवाह थांबवला. सगळे श्वास रोखून. तेवढ्यात पेशंट म्हणाला, “डॉक्टरांनू, हो खयचो मासो? सुरमय म्हणाक गेलंय तर शेपटी तशी नाय, बांगडो म्हणाक गेलंय तर पाठीर पट्टे नाय.”

तुम्ही हसताय, हसण्यासारखंच आहे. पण सर्जनच्या जागी उभे राहा. ती जागा भाषेची, की माणूस नुसता विचार करत होता? उगाच सोडली तर गाठ मागे राहते. चुकून कापली तर वाचा जाते. खरं तर आदल्या दिवशी सगळी चित्रं दाखवून, पेशंट ज्यावर घुटमळतो ती वगळायची असतात. तिथे ते झालं नव्हतं. शिवाय प्रश्न सगळे पुस्तकी मराठीत. ओजेमन आणि व्हिटेकर या संशोधकांनी १९७८ मध्येच दाखवलंय की दोन भाषा बोलणाऱ्याच्या मेंदूत काही जागा दोन्ही भाषांच्या असतात, काही एकीच्याच. म्हणजे मराठी शाबूत राहील आणि ज्या बोलीत तो घरी बोलतो तीच जाईल, असं होऊ शकतं. याचा मला आजही राग येतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं. आता भराभर सांगतो.

१८६१ मध्ये पॅरिसला पॉल ब्रोका या डॉक्टरांनी फक्त ‘टॅन’ एवढंच बोलू शकणाऱ्या पेशंटचा मेंदू तपासला आणि डाव्या कपाळामागची इजा पाहून बोलण्याची जागा कपाळामागे ठरवली. तो मेंदू जपून ठेवलाय. त्याच्या एमआरआयचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले: इजा खूप खोल, पुढचे-मागचे भाग जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेलेली. गाव राखलं आणि साकव तोडला, तर पावसात त्या गावात जाणार कोण? हे तंतू आता शस्त्रक्रियेआधी दिसतात, कारण पाण्याचे रेणू तंतूंच्या दिशेने जास्त सहज सरकतात आणि ती हालचाल एमआरआय टिपतो. मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा काढणाऱ्या ह्यूमन कनेक्टोम प्रकल्पाच्या माहितीवरून २०१६ मध्ये मेंदूच्या प्रत्येक अर्ध्या भागात १८० विभाग आखले गेले. पण ते निरोगी तरुणांवरून. गाठ तंतूंना बाजूला ढकलते, सूज त्यांना झाकते, एकमेकांना छेदणारे तंतू संगणकाला चकवतात, आणि कवटी उघडली की मेंदू जागचा हलतो. म्हणून फ्रान्समधल्या माँपेलिएच्या ह्यूग द्यूफोंसारखे सर्जन खोलवरच्या तंतूंनाही प्रवाह लावून पाहतात, पेशंट बोलत असतानाच.

म्हणजे शेवटी भरवसा पेशंटच्या बोलण्यावरच. तेव्हा चित्रं आपली हवीत. सभागृहात चित्रकलेचे शिक्षक दिसतायत, त्यांनी जाण्याआधी मला भेटावं. आडाळो, रोवळी, माड, होडी, फणस, सुंगटां. एका कागदावर एकच वस्तू, काळ्या रेषेत, रंग नको. घरातल्या आजी-आजोबांना दाखवू, आणि ज्यांचं नाव ते मालवणीत पटकन घेतील तेवढीच ठेवू.