बल्बची काच आणि कारखानदारांची मालिका

(हातात साधा पिवळा बल्ब)

नमस्कार मंडळी! याची काच कशी फुगवत असतील? अमेरिकेत कॉर्निंग कंपनीनं १९२०च्या दशकात त्यासाठी रिबन मशीन उभं केलं. वितळलेली काच दोन रुळांमधून दाबली जाते, तिची लांबच लांब पट्टी होते. पट्टीखाली भोकं असतात. मऊ काच स्वतःच्याच वजनानं भोकातून खाली ओघळते, तेवढ्यात वरून हवेची फुंकर, खालून साचा मिटतो. साचा उघडला की बल्बची काच तयार. मिनिटाला हजारावर! मला हे कितीदाही बघायला आवडतं.

बघत राहावंसं वाटतं ना? हीच ताकद अमेरिकेतल्या कारखानदारांच्या संघटनेनं ओळखली. नॅशनल असोसिएशन ऑफ मॅन्युफॅक्चरर्स. १९५० मध्ये त्यांनी ‘इंडस्ट्री ऑन परेड’ ही साप्ताहिक टीव्ही मालिका सुरू केली आणि ती १९६० पर्यंत चालवली. एक भाग जेमतेम तेरा-चौदा मिनिटांचा, कृष्णधवल, त्यात वेगवेगळ्या कारखान्यांची सफर.

काळही कसा बघा. १९५० मध्ये तिथं शंभरातल्या नऊ घरांत टीव्ही होता, १९६० मध्ये सत्त्याऐंशी घरांत. १९५२ साली नव्या केंद्रांवरची बंदी उठली आणि गावोगावी केंद्रं निघाली. दिवसभर दाखवायचं काय, हा त्यांचा रोजचा प्रश्न. ही फीत फुकट यायची.

फुकट का, ते मात्र समजून घ्या. कारखान्यांच्या सफरीला जोडून एक छोटा संदेश असायचा: खासगी उद्योगामुळेच देश समृद्ध आहे. शीतयुद्धाचे दिवस होते ते. शिवाय कामगार संघटनांना वेसण घालणाऱ्या १९४७च्या टाफ्ट-हार्टली कायद्यामागे हीच संघटना ठामपणे उभी होती. म्हणजे कारखाना खरा, यंत्रं खरी, पण गोष्ट मालकांनी सांगितलेली. त्याच देशात १९५९ मध्ये पोलाद कारखान्यांतले सुमारे पाच लाख कामगार ११६ दिवस संपावर होते.

तरी या फिती मला फार मोलाच्या वाटतात. त्या काळी कामाला लागलेले हात इतक्या जवळून दुसरीकडे क्वचितच दिसतात. मालिकेचा संग्रह आज वॉशिंग्टनला, स्मिथसोनियनच्या अमेरिकी इतिहासाच्या संग्रहालयात आहे.

आता त्यातला एक तुकडा लावते. आधी निवेदकाचा आवाज बंद ठेवून बघूया, फक्त हात. मग आवाज लावून.