मॉरीचा तरण तलाव

ऑस्ट्रेलियात सिडनीपासून उत्तरेला सहाशेहून जास्त किलोमीटर गेलं की काळ्या मातीचा सपाट प्रदेश लागतो. गहू आणि कापूस. मेही नदीच्या काठी वसलेलं मॉरी हे इथलं गाव. ही मूळची कामिलारोई लोकांची भूमी. आज दूरदूरची माणसं इथे येतात ती गरम पाण्यात बसायला.

हे पाणी सापडलं १८९५ मध्ये. शेतीसाठी म्हणून इथे बोअर मारली गेली. पाणी लागलं, तेही असं की जमिनीखालच्या दाबाने आपोआप उसळून वर आलं. पण ते होतं सुमारे ४१ अंश तापलेलं आणि क्षारांनी भरलेलं. पिकांना ते चालेना, माणसांच्या अंगाला मात्र मानवलं. ऑस्ट्रेलियाच्या पोटात सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर पसरलेला भूजलाचा प्रचंड साठा आहे, ग्रेट आर्टेशियन बेसिन. देशाच्या जवळपास पाचव्या हिश्श्याखाली तो आहे. मॉरीचं पाणी त्यातलंच.

तिकीट काढून आत आलं की एकीकडे गरम पाण्याची कुंडं दिसतात. वयस्कर मंडळी मानेपर्यंत पाण्यात बसून गप्पा मारताहेत. पलीकडे पोहण्याचा मोठा तलाव, आणि गलका सगळा तिकडे. कुठल्याही गावाच्या तलावावर असतं तसंच वातावरण. म्हणूनच इथे जे घडलं ते नीट सांगायला हवं.

१९५५ साली मॉरीच्या नगरपालिकेने एक ठराव केला. ॲबोरिजिनल, म्हणजे या भूमीच्या मूळ रहिवाशांना, या तलावात आणि गावच्या मेमोरियल हॉलमध्ये बंदी. ठरावाची भाषा जरा थांबून ऐका. बंदी पूर्ण ॲबोरिजिनल रक्ताच्या माणसाला, मिश्र रक्ताच्या माणसाला, आणि दिसण्यावरून ज्याच्यात तसं रक्त असावं असं वाटेल त्यालाही. वाटेल, पण कुणाला? तिकीट खिडकीमागे बसलेल्या माणसाला. समोर टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या पोराकडे त्याने एकदा बघायचं आणि ठरवायचं. शाळेच्या वेळेत वर्गासोबत ॲबोरिजिनल मुलांना पाण्यात उतरू देत. शाळा सुटली की गोऱ्या मुलांनी थांबायचं, यांनी बाहेर पडायचं. सकाळी एका वर्गात बसलेली मुलं दुपारी फाटकाशी वेगळी व्हायची.

मराठी माणसाला हे ऐकताना महाड आठवणारच. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचं पाणी प्यायले. मुंबई कायदे मंडळाने १९२३ मध्येच सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता, महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचं ठरवलं होतं. कागद बाजूने होता, अडवत होती ती रूढी. मॉरीत मात्र कागदच आडवा आला होता. स्वतंत्र, लोकशाही देशातल्या निवडून आलेल्या नगरपालिकेने केलेला नियम! म्हणून इथली लढाई लोकांच्या मनाशी तर होतीच, पण आधी नगरपालिकेच्या दप्तराशी होती.

१२ फेब्रुवारी १९६५. सिडनी विद्यापीठातून एक बस निघाली. आत तिसेक विद्यार्थी. पुढारी चार्ल्स पर्किन्स, अ‍ॅलिस स्प्रिंग्जला जन्मलेला, फुटबॉलपटू, स्वतः ॲबोरिजिनल. १९६१ मध्ये अमेरिकेत वर्णभेदाविरुद्ध निघालेल्या बसयात्रांवरून त्यांनी नाव घेतलं, फ्रीडम राइड. गावोगावी थांबून तिथला भेदभाव चारचौघांत दाखवायचा, पत्रकारांच्या देखत. वॉलगेटमध्ये निदर्शनं झाली. ते गाव सोडल्यावर एका ट्रकने त्यांची बस रस्त्याखाली घातली. तरी ते पुढे मॉरीला आले.

इथे त्यांनी भाषणांपेक्षा अवघड गोष्ट केली. ॲबोरिजिनल वस्तीतली पोरं सोबत घेतली आणि तिकिटाच्या रांगेत उभे राहिले. बरीच वादावादी झाली, शेवटी पोरं आत गेली. पर्किन्स त्यांच्यासोबत पाण्यात होता. बस पुढच्या गावाला गेली आणि मागे निरोप आला: बंदी पुन्हा लागू.

२० फेब्रुवारीला बस परत फिरली. तलावाच्या फाटकाशी आता मोठा जमाव होता. अंडी आणि टोमॅटो फेकले गेले, विद्यार्थ्यांना मारहाण झाली. मार खाणाऱ्यांत जिम स्पिगेलमन हा विद्यार्थी होता. हाच पुढे न्यू साउथ वेल्सचा मुख्य न्यायाधीश झाला. तासन् तास कुणी हटेना. अखेर, बंदीचा ठराव मागे घेण्यासाठी आपण पुढाकार घेऊ, असं नगराध्यक्षांनी मान्य केलं.

ही बातमी देशभर गेली. शहरात राहून ज्यांना असं काही होत असल्याचा पत्ताच नव्हता, त्यांनी ते वाचलं आणि टीव्हीवर पाहिलं. दोन वर्षांनी, २७ मे १९६७ ला, ॲबोरिजिनल लोकांना देशाच्या जनगणनेत धरावं आणि त्यांच्यासाठी केंद्राला कायदे करता यावेत यासाठी सार्वमत झालं. नव्वद टक्क्यांहून जास्त मतं बाजूने पडली. त्याचं सगळं श्रेय एका तलावाला देणं बरोबर नाही, अनेकांनी वर्षानुवर्षं त्यासाठी काम केलं होतं. पण हवा तापवण्यात मॉरीचा वाटा होता, हे नक्की. २०१३ मध्ये या तलावाचा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत समावेश झाला.

पर्किन्सचं नाव इतिहासात आहे, आणि ते असायलाच हवं. पण बस दोनदा आली आणि दोनदा निघून गेली. पाण्यात उतरलेली पोरं आणि त्यांचे आईवडील इथेच राहिले. अंडी फेकणाऱ्यांच्या गावात, त्यांच्याच दुकानांत आणि शाळांत त्यांना दुसऱ्या दिवशी जायचं होतं. त्या दुपारी फाटकातून आत जायला सगळ्यात जास्त धैर्य कुणाला लागलं असेल, तर ते या पोरांना.