पाव किलोचं पाखरू

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेत एका निवृत्त भूकरमापकानं केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आपल्या वयात ड्रोन कसा उडवायचा ते सांगायला उभा राहिलोय खरा, पण मी वक्ता नाही. 36 वर्षं मोजणी खात्यात काढली. तिथं बोलायचं काम शेतकऱ्यांचं, तेही बांधावर आणि वरच्या पट्टीत. आम्ही मान खाली घालून कागदावर रेघ ओढायची.

नोकरीला लागलो तेव्हा शंकू-साखळी होती. साखळी 33 फुटांची. 33 बाय 33 म्हणजे गुंठा आणि 40 गुंठ्यांचा एकर, हे इथल्या शेतीवाल्यांना सांगायला नको. मग प्लेन टेबल आलं, म्हणजे शेतातच तिपाईवर फळा ठेवून नकाशा काढायचा, मग अंतर आणि कोन मोजणारं इलेक्ट्रॉनिक ईटीएस मशीन. पण नकाशा काढतात तो वरून पाहिल्यासारखा, आणि काढणारा उभा असतो खाली ढेकळांत. माझ्या हातून किती गटांचे नकाशे निघाले याचा हिशेब नाही. वर मात्र मी कधी गेलो नाही. विमानात बसलो एकदाच, तेही मधल्या सीटवर.

निवृत्तीच्या आधी स्वामित्व योजनेचं काम आलं. 24 एप्रिल 2020 ला ती जाहीर झाली. गावठाणातल्या घरांची ड्रोननं मोजणी करायची आणि लोकांना मालमत्ता पत्रक द्यायचं. ड्रोन भारतीय सर्वेक्षण विभागाचा. आमच्याकडे काय, तर घराघरांच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारून घ्यायच्या. त्या चुन्यावरून जी भांडणं झाली ती सांगत बसलो तर आजची सभा संपायची नाही. पण ड्रोन वर गेला आणि तो उडवणाऱ्या पोरानं मला स्क्रीन दाखवली. देऊळ, चावडी, आळ्या, पांढऱ्या रेघा. लोकांना वाटलं, साहेबांचं काम यंत्रानं खाल्लं म्हणून साहेब गप्प झाले. तसं नव्हतं. माझ्या मनात एवढंच आलं, अरे, आपण बरोबर काढत होतो की.

निवृत्त झाल्यावर लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्या मुलाकडून त्याचा जुना, लहान ड्रोन घेतला. वजन 249 ग्रॅम, पाव किलो चहाच्या पुड्याहून एक ग्रॅमनं हलका. तो एक ग्रॅम का वाचवलाय ते पुढे सांगतो. घरी म्हणाले, या वयात हे कसलं खूळ? मला उत्तर सुचलं नाही. नंतर वाचनात एक जर्मन औषधविक्रेता आला, युलिउस नॉयब्रोनर, जन्म 1852 चा. हा गृहस्थ कबुतरांकरवी औषधं पाठवायचा. एकदा एक कबूतर धुक्यात हरवलं आणि चार आठवड्यांनी चांगलं धष्टपुष्ट होऊन परत आलं. इतके दिवस हे होतं कुठं, या कुतूहलापायी त्यानं कबुतराच्या छातीवर बांधायचा छोटा कॅमेरा केला, आपोआप फोटो काढणारा. 1907 मध्ये पेटंटचा अर्ज केला तेव्हा तो पंचावन्नचा होता. असं होणं शक्य नाही म्हणून अर्ज आधी नाकारला. त्यानं फोटोच पुढे ठेवले आणि 1908 मध्ये पेटंट मिळवलं. घरी आता मी हीच गोष्ट सांगतो. उपयोग होत नाही, पण सांगतो.

आता कायदा. नीट ऐका, कारण यात आपल्या वयाचा उल्लेख आहे. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे पायलटचं प्रमाणपत्र हवं तर माणूस दहावी पास पाहिजे आणि वय 18 ते 65. म्हणजे इथले निम्मे बाद, मीही दोन वर्षांत बाद. पण त्याच नियमांत फट आहे. 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला नॅनो म्हणतात. तो उडवायला हे प्रमाणपत्र लागतच नाही. 2 किलोपर्यंतच्या मायक्रोलाही लागत नाही, फक्त त्यावर धंदा करायचा नाही. कळला तो एक ग्रॅम? मात्र प्रमाणपत्र नको म्हणजे कुठंही उडवा असं नव्हे. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे आहेत. हिरव्यात जमिनीपासून 400 फुटांपर्यंत. त्यातही विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतच. लालमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय जायचंच नाही. दंड एक लाखापर्यंत होऊ शकतो, आणि पेन्शन किती येते ते आपलं आपल्याला माहीत. अजून एक. फेब्रुवारी 2022 पासून तयार ड्रोन परदेशातून आणायला बंदी आहे. मुलगा अमेरिकेहून येताना आणेल असं कुणाच्या मनात असेल तर त्याला चॉकलेटंच आणू द्या.

उडवणं अवघड आहे का? वर नेणं अजिबात नाही. चार पंखे असतात, दोन एका दिशेनं फिरतात, दोन उलट्या, म्हणून यंत्र स्वतःभोवती गरगरत नाही. रिमोटच्या काड्या सोडल्या की उपग्रहांच्या आधारानं ते हवेत आहे तिथं थांबतं. सायकलसुद्धा एवढी गुणी नसते. घोळ होतो तो यंत्र तुमच्याकडे तोंड करून येताना. तेव्हा तुमचं उजवं ते त्याचं डावं. भल्याभल्या तरुण पोरांचे ड्रोन इथंच झाडात गेलेत. मला तो त्रास झाला नाही, त्याचं श्रेय साखळीला. शिपाई साखळीचं टोक धरून समोर उभा, मी ओरडायचो ‘डावीकडे घे’, आणि तो त्याच्या डावीकडे जायचा. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी समोरच्या माणसाच्या अंगात शिरून बोलायला शिकलो होतो.

म्हणून माझा ड्रोन झाडात गेला नाही असं समजू नका. गेला. घरी परत ये असं बटण असतं. ते दाबलं की यंत्र ठरावीक उंची गाठतं आणि सरळ रेषेत परत येतं. ती उंची आपण ठरवून ठेवायची असते. मी 20 मीटर ठेवली होती आणि वाटेत निलगिरी होती. एका गुराख्यानं वर चढून काढून दिला आणि खाली येऊन म्हणाला, ‘आजोबा, पाखराला झाड दिसत नाही व्हय?’

आपल्या वयाची खरी अडचण डोळ्यांची. स्क्रीन जवळ, ड्रोन लांब, आणि नाकावर बायफोकल. वर पाहिलं की स्क्रीन अंधूक, खाली पाहिलं की ड्रोन गायब. यावर उपाय एकच, जोडीनं उडवायचं. आमची ही माझ्या शेजारी छत्री घेऊन उभी असते. छत्रीनं स्क्रीनवरचं ऊनही अडतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला माझ्यापेक्षा लांबचं दिसतं. ‘घार आली’ म्हणाली की मी ड्रोन वर घेतो. घार वरून झडप घालते, खाली पळायला गेलात तर सापडलात.

आणि हात. आपल्यातल्या कित्येकांचा हात थरथरतो. ड्रोनला सावकाश चालायला लावायची एक सोय असते. ती चालू केली की हाताचा बारीक झटका यंत्रापर्यंत फारसा पोचत नाही. शिवाय कॅमेरा ज्यावर बसतो ती छोटी चौकट उरलासुरला हादरा खाते. पोरं सुसाट उडवतात, म्हणून त्यांचा व्हिडिओ बघताना गरगरतं. चित्र चांगलं यायला यंत्र हळूच जावं लागतं, आणि हळू जाण्याची आपल्याला वेगळी प्रॅक्टिस नको.

यावरून बाईंची गोष्ट सांगतो. त्या इथंच बसल्यात, नाव घेऊ नको म्हणाल्यात. वय 71, प्राथमिक शाळेत नोकरी झाली. त्यांचं माहेर उजनी धरणाच्या पाण्यात गेलं. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं तोवर गाव उठलं. पळसदेवचं जुनं मंदिर उन्हाळ्यात पाण्याबाहेर येतं ते तुम्ही वर्तमानपत्रात पाहिलं असेल. बाईंच्या गावात एवढं उंच काही नव्हतं. पाणी उतरलं तरी काठावरून गाळ आणि दगडच दिसतात.

गेल्या मे महिन्यात आम्ही तिघं गेलो. मी, आमची ही आणि बाई. भिगवणकडे रोहित पक्षी असतात, तिकडे ड्रोन न्यायचा नाही हे आमचं ठरलेलं. पक्षी नाहीत असा काठ पाहून नकाशा तपासला आणि उडवला. शंभर फुटांवर गेल्यावर खालच्या दगडांच्या रेघा झाल्या. घरांची जोती होती ती. मधून आळ्या. मी स्क्रीन बाईंपुढे धरली. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘उलटं धरलंय तुम्ही.’ मी नकाशावाला, उत्तर वर ठेवून बसलो होतो. बाईंच्या डोक्यातलं गाव वेशीतून आत जाताना दिसतं तसं. ड्रोन जागच्या जागी फिरवत गेलो तसं त्या म्हणाल्या, ‘अजून, अजून, हां.’ मग बोट ठेवलं. ही वेस, हा पार, ही आमची विहीर. विहीर गाळानं भरली होती, पण गोल तेवढा राहिला होता.

मी यंत्र त्यांच्या हातात दिलं. त्याआधी त्यांनी आमच्याबरोबर चार-पाचदा मोकळ्या रानात उडवलं होतं. वेशीपासून त्यांच्या घरापर्यंत सरळ रेषेत अर्धं मिनिट लागलं असतं. बाईंनी ड्रोन आळीनं नेला. आळी जिथं वळते तिथं थांबवला, तोंड फिरवलं, मग पुढे. पारापाशी वळसा घेतला. हवेत अडवणारं काही नव्हतं, तरी एकाही घरावरून त्या गेल्या नाहीत. मी शेजारी उभा राहून त्यांचे हात बघत होतो. ते थरथरत होते. स्क्रीनवरचं चित्र थरथरत नव्हतं. घराच्या जोत्यापाशी पोचल्या आणि बॅटरीचा इशारा वाजला. ‘एवढ्यात?’ म्हणाल्या. मी म्हटलं, परत यायला पुरायला हवी. तर येतानाही त्या आळीनंच निघाल्या. शेवटी मीच काडी घेतली आणि सरळ आणला. अजून त्याबद्दल बोलून दाखवतात.

तो व्हिडिओ आता भिंतीवर दाखवतो, दिवे तेवढे घालवा. मग बाहेर मैदानात जाऊ. नकाशा सकाळीच पाहिलाय, हिरवा आहे. वारा असला तर उडवणार नाही, झेंड्याकडे बघून ठरवू. बॅटऱ्या दोनच आहेत आणि एक जेमतेम वीस मिनिटं जाते, म्हणून ज्यांना उडवायचंय त्यांनी या डब्यात चिठ्ठ्या टाका. बाईंनी दोन टाकल्यात, त्यातली एक मी काढून घेतोय.