उद्यमबागेतून मातीच्या ट्रॅकवर

(दृश्य : बेळगावच्या उद्यमबागेतलं टर्निंगचं वर्कशॉप. शटर अर्धं वर. लेथच्या पलीकडे स्टँडवर एक लहानशी मोटरसायकल.)

हिला हेडलाइट नाही, इंडिकेटर नाही. नंबर प्लेट लावायची म्हटली तर जागाच नाही. इंजिन 65 सीसी, टू-स्ट्रोक, किक मारूनच सुरू होणारं. सीट जमिनीपासून जेमतेम पाऊण मीटर उंच. मोटोक्रॉसची, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या उड्यांच्या शर्यतीची, ही गाडी कोपऱ्यावरच्या पंपापर्यंतसुद्धा चालवत नेता येत नाही, कारण रस्त्यासाठी तिची नोंदणीच होत नाही. ती फक्त मातीच्या ट्रॅकवर पळते, आणि बेळगावात तसा ट्रॅक नाही. शर्यत जिथं असेल तिथं तिला दुसऱ्या गाडीत घालून न्यावं लागतं.

तिची रायडर आहे दहा वर्षांची. तिचा दादा चौदाचा, तो 85 सीसी चालवतो. दोघांचे बाबा या वर्कशॉपचे मालक आणि कामगारही. आई हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. आणि आजी. ती पहिल्या वेळी केवळ काळजीपोटी सोबत निघाली आणि तेव्हापासून प्रत्येक फेरीत असते.

(दृश्य : वर्कशॉपबाहेर उभी टेम्पो ट्रॅव्हलर, केए-22 पासिंग.)

ही एका शाळेनं विकलेली जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. मागच्या सगळ्या सीटा काढल्या. मधोमध प्लायचं पार्टिशन घातलं. पार्टिशनच्या पुढे घर, मागे गॅरेज. पुढच्या भागात तीन बर्थ, पाण्याची टाकी, छोटा ओटा आणि 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे दिवे. गाडीचं रूप असं बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते, आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. त्याला वेळ गेला, पण बाबांनी ते पूर्ण करूनच पहिला प्रवास केला.

बाबा : "हॉटेलात राहून परवडत न्हाई हो. आणि ट्रॅक काय गावात असतोय व्हय? माळावर असतोय. तिथं सकाळी सहाला हजर राहायचं म्हटल्यावर माळावरच झोपायला पाहिजे की."

मागच्या भागात गाड्या चढवायला उताराची फळी आहे. ॲल्युमिनियमची, घडी होणारी, बाबांनी स्वतः बनवलेली. बेळगावच्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप्स देशभरातल्या कारखान्यांना पार्ट पुरवतात. इथल्या कारागिराला बिजागरीचा पिन शंभर किलोचा भार घेईल की नाही, हे कुणाला विचारावं लागत नाही. फळीवरून गाडी वर गेली की पुढचं चाक खाचेत बसतं, हँडलला दोन्ही बाजूंनी पट्टे आवळतात आणि पुढचे शॉकॲब्सॉर्बर जरा दबले की हात थांबतो. फार आवळलं तर त्यांचे सील जातात.

एक नियम आजीचा आहे. मुक्कामाच्या जागी पोचलं की गाड्या आणि पेट्रोलचे कॅन आधी बाहेर काढायचे, मगच अंथरूण घालायचं. पेट्रोलच्या वासात लेकरं झोपणार नाहीत, हे तिनं पहिल्याच रात्री सांगितलं. तिचं बरोबरच होतं. बंद जागेत पेट्रोलची वाफ साठणं हा या सगळ्या प्रवासातला मोठा धोका आहे, ट्रॅकवरच्या उडीइतकाच.

(दृश्य : शुक्रवार संध्याकाळ. शाळेचा गणवेश बर्थवर, गाडी सुरू.)

आज निघायचं पुण्याकडे. साधारण 340 किलोमीटर. काकती मागे पडते, वंटमुरीचा घाट उतरतो, हत्तरगीच्या टोलनाक्यावर गाडी थांबते. धाकटीचा गृहपाठ संकेश्वरपर्यंत संपला पाहिजे, अशी आईची शिस्त, कारण पुढे तवंदी घाटाची वळणं आहेत आणि वळणांत वाचलं की तिला मळमळतं. निपाणीला चहा. मग कोगनोळीचा नाका. सीमाप्रश्न तापला की बातम्यांत दिसतो तो हाच. आज इथं नुसती ट्रकांची रांग आहे. पलीकडे कागल, आणि गाड्यांच्या पाट्यांवर एमएच-09.

या मुलांना हे वेड लागलं ते पुण्यातच. जानेवारी 2024 मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाली. स्टेडियमच्या आत माती आणून, टेकाडं रचून ट्रॅक केला होता. सुपरक्रॉस म्हणतात ते हेच. मोटोक्रॉस मोकळ्या रानातली, लांब ट्रॅकची. मोठ्या 450 सीसीच्या परदेशी रायडर्सना बघायला लोक आले होते. दादाचं लक्ष मात्र 85 सीसीच्या ज्युनियर गटावर होतं. आपल्याच वयाची मुलं उडी मारतात, खाली येतात आणि पुढची उडी घेतात, हे त्यानं तिथं पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. परतताना साताऱ्यापर्यंत तो गप्प होता, असं आई सांगते. साताऱ्यानंतर त्यानं विषय काढला.

आई : "नको म्हणत होते मी. मग आमच्या गल्लीतली पोरं बघितली. बारा-तेरा वर्षांची, बापाची बाइक घेऊन रिंग रोडवर जातात, डोक्यावर हेल्मेट न्हाई. आमच्या पोराला पण वेगाची हौस हाय, ती कुठंतरी निघणारच. मग निदान अंगावर सगळं घालून, जिथं समोरनं ट्रक येत न्हाई तिथं निघू दे."

आईच्या या बोलण्यावर आम्ही, म्हणजे हे चित्रित करणारे, थांबलो. कायदा स्पष्ट आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दंडाची भीती घालून पोरांची हौस थोडीच जाते? खानापूर तालुक्यात वीटभट्ट्यांसाठी माती काढून सोडून दिलेल्या जागा आहेत. त्यातली दोन-तीन एकर जागा, पाण्याची सोय, ॲम्ब्युलन्स आत येईल असा रस्ता आणि झेंडे घेऊन उभी राहणारी प्रशिक्षित माणसं, एवढं मिळालं तर बेळगाव, चिक्कोडी, निपाणीची पोरं तिथं शिकतील. डाकार ही वाळवंटातली लांब पल्ल्याची शर्यत पूर्ण करणारा पहिला भारतीय सी. एस. संतोष आपल्याच राज्यातला. 2015 मध्ये तो 36 वा आला. त्याचं प्रशिक्षण केंद्र कोलारजवळ आहे, म्हणजे बेळगावहून साडेपाचशे किलोमीटरच्याही पलीकडे. इथल्या पोरानं दर रविवारी तिकडे कसं जायचं?

तोवर मामाचं शेत आहे.

(दृश्य : खानापूरकडचं भाताचं शिवार, सुगीनंतरचं.)

भाताची सुगी झाली, मळणी झाली की मामा शेताचा एक तुकडा भाच्यांना देतो. जेसीबीवाला ओळखीचा आहे, तो टेकाडं करून देतो. एक सपाट माथ्याची, म्हणजे टेबलटॉप. तिथं उडी आखूड पडली तरी चाक सपाटीवर टेकतं, म्हणून शिकणाऱ्यांसाठी ती बरी. पुढे एकामागोमाग लहान उंचवटे, आणि वळणाला बाहेरच्या बाजूनं मातीचा बांध. खानापूरची तांबडी माती कोरडी झाली की तिचा फुफाटा उठतो आणि मागच्याला पुढचा खड्डा दिसत नाही. सरावाआधी टँकरनं पाणी मारायचं, तेही बेतानं. ओलं जास्त झालं की चाकाच्या चरांत गाडी अडकते. मृगाच्या आधी मामा सगळी टेकाडं मोडून रान सारखं करतो, कारण पेरणी आहे. दर वर्षी सुगीनंतर ट्रॅक नव्यानं घडतो.

(दृश्य : पुण्याबाहेरचा माळ. शनिवार दुपार. गाड्या, तंबू, जनरेटर.)

शर्यतीच्या जागी या ट्रॅव्हलरसारख्या बऱ्याच गाड्या आहेत. कुणाचा छोटा हत्ती, कुणाची बोलेरो पिकअप. मराठी, कन्नड, कोकणी, हिंदी, सगळं एकाच ताडपत्रीखाली चालू. हुबळीहून आलेले एक गृहस्थ आजीला लांबूनच विचारतात, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का. आजी त्यांना हात करून बोलावते आणि भाकरी-ठेचा वाढते. त्यांचा मुलगा उद्या धाकटीच्याच गटात आहे.

आता आईचं काम बघा. सरावाच्या फेऱ्या झाल्या आहेत आणि तिच्या पुढ्यात दोन बादल्या आहेत. हातात एअर फिल्टर, म्हणजे फोमची टोपी, मातीनं काळी-तांबडी झालेली. आधी ती क्लीनरमध्ये बुडवते. फोम पिळत नाही. दोन तळव्यांत धरून दाबते, सोडते, परत दाबते. पिळला तर जोडावर फाटतो. मग साबणाचं पाणी, मग सावलीत वाळवण. वाळल्यावर त्याला चिकट तेल लावायचं. कुठंही कोरडा ठिपका राहता कामा नये, म्हणून ती फोम उजेडाकडे धरून फिरवून बघते. शेवटी कडेला बोटानं ग्रीस. एवढ्याशा फटीतून बारीक रेती आत गेली की सिलिंडरला ओरखडे पडतात आणि पिस्टन जातो. पिस्टन इथल्या बाजारात मिळत नाही, मागवावा लागतो आणि महाग पडतो.

पेट्रोलमध्ये तेल मिसळणं दादाकडे. त्यांच्या गाडीला एका लिटरला 25 मिली टू-स्ट्रोक तेल. तो सिरिंजनं मोजतो, डोळ्यांच्या रेषेत धरून. मागच्या हंगामात पडून त्याचं कॉलर बोन मोडलं. मोटोक्रॉसमध्ये हे हाड नेहमी मोडतं. पडणारा हात पुढे टाकतो आणि सगळा मार खांद्यावर येतो. डॉक्टरांनी अजून उडीला परवानगी दिलेली नाही. गाडी आणलीय, पण ती पट्ट्यातच आहे. चौदाव्या वर्षी ट्रॅकच्या कडेला उभं राहून बहिणीच्या टायरात हवा मोजणं सोपं नाही. तो ते करतो आहे, नीट करतो आहे, आणि कुणी त्याला शाबासकी दिली की त्याला ती नको असते.

(दृश्य : रविवार सकाळ. धाकटी गिअर घालते आहे.)

गुडघ्याचे गार्ड, त्यावर पँट. पोटरीपर्यंतचे बूट, चार बकलांचे. छाती-पाठीचं चिलखत. मानेभोवतीची कॉलर. हेल्मेट, गॉगल, आणि गॉगलवर पारदर्शक फिल्मचे थर. चिखल उडाला की वरची ओढून टाकायची. नाश्त्याला एक केळं आणि नाचणीची आंबील. तिच्या बर्थवर बंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्सेचा फोटो चिकटवलेला आहे. 2019 साली बाजा, म्हणजे वाळवंटी रानवाटांवरच्या, शर्यतींत महिलांचा विश्वचषक जिंकून मोटरस्पोर्टमध्ये जागतिक किताब मिळवणारी ती पहिली भारतीय. धाकटीला हे साल पाठ आहे.

गटात मुली दोनच.

सुरुवातीच्या रेषेवरचं गेट पडतं. पहिल्या वळणावर सगळा घोळका एकदम शिरतो आणि धुळीतून बाहेर येतो तेव्हा ती सहावी असते. दुसऱ्या फेरीत पाचवी. आता तिच्या पुढे हुबळीचा मुलगा आहे. दर वळणाला अंतर कमी होतंय. तारेपलीकडे बाबा आवाज न करता हातवारे करताहेत, आणि आजीनं डोळ्यांवर पदर घेतलाय.

तेवढ्यात टेबलटॉपच्या पलीकडे एकजण पडतो. पिवळा झेंडा हलतो. पिवळा झेंडा म्हणजे ओव्हरटेक नाही, उडी नाही. पुढे कुणीतरी जमिनीवर आहे आणि तो तुम्हाला दिसत नाही. हुबळीचा मुलगा झेंड्याच्या आधीच पुढे निघून गेलेला आहे. धाकटी थ्रॉटल सोडते. टेकाडावर चढते, माथ्यावरून चाकं जमिनीला टेकवत खाली उतरते, पडलेल्या पोराच्या बाजूनं हळू जाते. मान वळवून एकदा बघतेही. तोपर्यंत पुढचं अंतर वाढलेलं असतं आणि नंतरच्या फेऱ्यांत ते काही भरून येत नाही. ती पाचवी येते.

आम्ही या प्रवासात जे चित्रित केलं त्यातलं हे आम्हाला सगळ्यांत मोलाचं वाटतं. दहा वर्षांच्या मुलीला जिंकायचं आहे, पुढचा हाताशी आला आहे, आणि तरी तिचा हात थ्रॉटलवरून सुटतो. ही सवय मामाच्या शेतात घडली आहे. तिथं दादा पिवळा रुमाल घेऊन उभा राहायचा आणि मनात येईल तेव्हा हलवायचा.

पडलेला मुलगा उठला. गुडघा खरचटला, बाकी ठीक.

धाकटी : "पाचवी न्हाई आवडली मला."

बाबा : "आवडू नकोच. पण झेंडा बघितलास ते बघितलं मी."

ती रडली नाही, पण बराच वेळ बोललीही नाही. आजीनं तिला कुंद्याचा डबा दिला. त्यातला निम्मा ती पडलेल्या पोराला देऊन आली आणि परत येऊन दादाला विचारायला लागली, टेबलटॉपनंतर गिअर कुठला पाहिजे होता.

(दृश्य : परतीचा हायवे, रात्र. मागे पट्ट्यात आवळलेल्या दोन गाड्या.)

या गाडीवरचा तिचा हा शेवटचा हंगाम. उंची वाढली आहे, वळणात गुडघा हँडलला लागतो. डॉक्टरांनी परवानगी दिली की दादा 125 वर जाईल, त्याची 85 तिच्याकडे येईल. 65 विकायची ठरली आहे. चिक्कोडीकडचं एक शेतकरी कुटुंब गुरुवारी बघायला येतंय, त्यांचा मुलगा आठ वर्षांचा आहे. भाव बाबा ठरवतील. आईनं फोनवर आधीच सांगून टाकलंय की हेल्मेट, मानेची कॉलर आणि छातीचं चिलखत घेतल्याशिवाय चावी मिळणार नाही. त्यावर पलीकडून उत्तर आलं, या गाडीला चावीच नसते. आई म्हणाली, "मग फळी देणार न्हाई. उतरवून घ्याल कशी?"