खारट घामाची मुलं आणि कांद्यातला जंतू

(नाशिक जिल्ह्यात पालक आणि विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांद्याच्या चाळी दिसल्या, तेव्हाच ठरवलं की सुरुवात कांद्यानं करायची. वरून खणखणीत दिसणारा कांदा कापावा आणि मधलाच एखादा पापुद्रा पिवळट, बुळबुळीत निघावा, वर आंबूस वास. हा अनुभव इथं बसलेल्या प्रत्येकाला आहे. ही सड करणाऱ्या एका जिवाणूचं वर्णन वॉल्टर बर्कहोल्डर या अमेरिकन वनस्पतिरोगतज्ज्ञानं १९५० साली केलं. कांद्याच्या लॅटिन नावावरून जंतूला सेपेशिया म्हणायला लागले. आज त्याचं पूर्ण नाव बर्कहोल्डेरिया सेपेशिया.

तुमच्या-माझ्या धडधाकट फुफ्फुसाला तो सहसा काही करत नाही. कांदा खाल्ल्यानंही काही होत नाही, घरी जाऊन उगाच कांदा बंद करू नका. पण सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे फुफ्फुसात घट्ट कफ साठवणारा जन्मजात आजार, असलेल्या काही मुलांमध्ये तो घुसला की ताप चढतो, फुफ्फुसं काही आठवड्यांत ढासळतात आणि मूल हातचं जातं. सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही. कुणाचं होईल हे आधी सांगता येत नाही, आणि डॉक्टर धास्तावतात ते त्यामुळंच.

एकच जंतू एका छातीत निरुपद्रवी आणि दुसरीत काळ कसा ठरतो? मी प्रयोगशाळेत बसणारी बाई, जन्म जंतू बघण्यात गेला. तरी सांगते, जंतूपेक्षा त्याला राहायला मिळालेलं घर आधी बघा.

आपल्या श्वासनलिकांना आतून पाण्याचा पातळ थर असतो आणि त्यात बारीक केसांसारखे तंतू सतत हलत असतात. धूळ, जंतू, जे काही आत आलं ते कफात चिकटतं आणि हे तंतू ते वर घशाकडे ढकलतात. आपण नकळत गिळून टाकतो. दिवसभर घरात केरसुणी फिरत असावी तसं. हा थर ओला राहावा म्हणून पेशीतून क्लोराइड आणि बायकार्बोनेट बाहेर सोडणारं एक प्रथिन असतं, पेशीचा दरवाजाच म्हणा. त्याचं जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे, ते १९८९ साली सापडलं. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तर हा दरवाजा चालत नाही, तोच सिस्टिक फायब्रोसिस. थर सुकतो, कफ खळीसारखा घट्ट होतो, तंतू त्याखाली दबून जातात. केरसुणी बंद.

घामाच्या ग्रंथीत हेच प्रथिन उलट दिशेनं काम करतं, मीठ परत आत घेतं. ते बिघडलं की मीठ घामातच राहतं. एका आजीनं मला सांगितलं होतं, “नातवाचा पापा घेतला की ओठाला मीठ लागतं हो. उन्हात खेळून आला की कपाळावर पांढरी खर दिसते.” तोवर त्या मुलाच्या फायलीत न्यूमोनिया, दमा आणि टीबी अशी तीन निदानं झाली होती. घामातलं क्लोराइड मोजणारी साधी चाचणी १९५९ पासून आहे. लिटरमागे ६० मिलिमोल किंवा त्याहून जास्त आलं की बहुतेक वेळा निदान तिथंच होतं. हा गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे नसतोच, असं आम्हीही शिकलो होतो. तो कमी आहे, पण आहे, आणि न शोधल्यामुळं आणखी कमी वाटतो.

आता या घरातल्या भाडेकरूंकडे, म्हणजे जंतूंकडे वळू. लहानपणी बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि हिमोफिलस इन्फ्लुएंझी येतात. मग पाठोपाठ स्यूडोमोनास एरुजिनोसा. हा ओलाव्यात राहणारा, सिंकमध्ये, नळाच्या तोंडाशी, कुठंही सापडणारा. मुलाच्या छातीत नवा असताना कफाचा नमुना माझ्या प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या ताटलीत लावला, की तो चपटा, हिरवट वाढतो आणि झाकण उघडलं की चक्क द्राक्षांसारखा गोडसर वास येतो. कांदा झाला, द्राक्ष झालं, नाशिककरांनी रागावू नये!

त्याच मुलाचा काही वर्षांनंतरचा नमुना लावला की प्लेट वेगळीच दिसते. तारेनं उचलायला जावं तर भेंडी चिरल्यावर सुटते तशी तार लांबत जाते. जंतूनं अल्जिनेट नावाची बुळबुळ अंगाभोवती गुंडाळलेली असते. समुद्रशेवाळातून काढून आइस्क्रीममध्ये घालतात तोच पदार्थ. तो पोहणं सोडतो, वाढ मंदावतो, घट्ट कफाच्या आत ऑक्सिजन नसलेल्या जागी तळ ठोकतो. शरीर पांढऱ्या पेशींची फौज धाडतं. त्या तिथंच मरतात, फुटतात, त्यांच्यातलं डीएनए कफ आणखी चिकट करतं आणि त्यांची विकरं श्वासनलिकेचीच भिंत खातात. चोर राहतो, घर पडतं.

म्हणून सगळा डाव पहिल्या नमुन्यावर आहे. द्राक्षाचा वास येतो तेव्हाच हाणला, टोब्रामायसिन या प्रतिजैविकाची वाफ २८ दिवस दिली, तर बहुतेक मुलांमध्ये तो निदान काही काळ तरी निघून जातो. भेंडी झाल्यावर नुसता दाबून ठेवता येतो. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या डॉक्टरांनी १९८०च्या दशकात हेच धरलं: मूल हसतंखेळतं असलं तरी दर महिन्याला नमुना, आणि जंतू दिसला की लगेच औषध. आपल्याकडचे पालक विचारतात, खोकला नाही तर तपासायचं कशाला? खोकला नाही म्हणूनच.

त्याच डॉक्टरांनी रुग्णांना एकमेकांपासून वेगळंही ठेवलं. उत्तर अमेरिकेत या मुलांची उन्हाळी शिबिरं भरत. वर्षातून एकदा आपल्यासारखंच कुणीतरी भेटायचं. पण तिथंच सेपेशिया एकाकडून दुसऱ्याकडे जातो हे लक्षात आलं आणि शिबिरं बंद पडली. आज या आजाराच्या दोन मुलांना एका खोलीत बसवत नाहीत. ज्याला माझं दुखणं सगळ्यात जास्त कळेल त्याच्याशीच मी हात मिळवायचा नाही, हे पंधरा वर्षांच्या पोराला कसं समजवायचं, ते मला प्लेट बघून सांगता येत नाही.

२०१९ साली तीन औषधांची एकत्र गोळी अमेरिकेत मंजूर झाली. ज्यांच्या जनुकातला बिघाड त्या गोळीला दाद देतो, त्यांच्यात ती तो दरवाजाच चालता करते. आपल्याकडचे बिघाड युरोपापेक्षा जास्त तऱ्हेतऱ्हेचे आहेत, त्यामुळं ती सगळ्यांना लागू पडत नाही, आणि किंमत तर विचारूच नका. पण जिथं लागू पडली तिथं कफ पातळ झाला, मुलांचा खोकला थांबला. आणि माझ्यासारखीची पंचाईत झाली. जंतूंची संख्या घटते, पण जुना भाडेकरू पुष्कळदा आतच असतो, आणि मुलांना बेडकाच पडत नाही. आता घशात कापसाचा बोळा फिरवून नमुना घेतात, किंवा मिठाच्या पाण्याची वाफ देऊन मुद्दाम खोकायला लावतात. परवा एक मुलगी रिकामी डबी घेऊन आली आणि म्हणाली, “मॅडम, खूप प्रयत्न केला, काही येतच नाही.” मी डबी परत घेतली आणि तिला आ करायला सांगितलं.