शेवटचा ट्रॅक शाबूत आहे का?

[दृश्य: बेळगाव, आषाढातला पाऊस. मंगळुरी कौलांवरून पागोळ्या. आत भिंतीपासून थोडं पुढे ओढलेलं लाकडी कपाट, त्यात सीडींची रांग.]

जून लागला की बेळगावात कपाटाची दारं फुगतात, पापड मऊ पडतात, चामड्याच्या चपलेवर पांढरी बुरशी धरते. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, ओल याहूनही दाट. या हवेत सीडी कशी जपायची, ते या एका तबकडीवरून पाहू.

[दृश्य: तबकडी हातात, बोटं फक्त कडेला आणि मधल्या छिद्रात.]

अल्बम एकट्या कलाकाराचा आहे. गिटारचा एखादा सूर डिलेमधून, म्हणजे आवाज पुन्हा पुन्हा घुमवणाऱ्या यंत्रातून, फिरवून लांबवलेला, खाली सिंथेसायझरचा धरून ठेवलेला स्वर, मधूनच पावसाचं किंवा रेल्वेच्या फलाटाचं ध्वनिमुद्रण. ठेका नाही, शब्द जवळजवळ नाहीत. या जातीच्या संगीतासाठी ‘अँबियंट’ हा शब्द ब्रायन ईनो यांनी १९७८ साली रूढ केला. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी बेळगावच्या शेजारीच आहे. जुळलेल्या तानपुऱ्यात किती काही चाललेलं असतं हे इथल्या कानांना निराळं सांगावं लागत नाही, त्यामुळे हे संगीतही परकं वाटू नये.

अशा अल्बमच्या प्रती थोड्या निघतात. कलाकार बँडकॅम्पसारख्या संकेतस्थळावर स्वतःच त्या विकतो आणि संपल्यावर बहुधा पुन्हा काढत नाही. तुमच्या कपाटातली प्रत खराब झाली, तर दुसरी दुकानात मिळणार नाही.

[दृश्य: तबकडीची खालची बाजू दिव्याखाली तिरपी धरलेली.]

आधी तबकडी कारखान्यात साच्यातून छापलेली आहे की संगणकावर बर्न केलेली, म्हणजे लेझरनं लिहिलेली, ते ओळखा. छापील सीडी खालून स्वच्छ चंदेरी दिसते. मधल्या छिद्राभोवतीच्या आरशासारख्या कड्यात क्रमांक कोरलेला असतो आणि १९९४ नंतरच्या अनेक तबकड्यांवर ‘आयएफपीआय’ (ध्वनिमुद्रण उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना) ही बारीक अक्षरंही सापडतात. बर्न केलेल्या सीडी-आरला हिरवट, निळसर किंवा फिकट सोनेरी झाक असते. शंभर-पन्नास प्रतींसाठी कारखान्यात साचा करून घेणं परवडत नाही, म्हणून कलाकार सीडी-आरवर जातो. त्यात संगीत रंगद्रव्याच्या थरात लिहिलेलं असतं आणि ऊन त्या रंगद्रव्याचा शत्रू आहे. खिडकीतल्या उबेनं बुरशी जाईल, असं समजून सीडी-आर उन्हात ठेवू नका. हातात सीडी-आर असेल, तर तिची संगणकावर नक्कल आजच करा. छापील तबकडीला थोडी सवड आहे.

अशा शांत अल्बममध्ये दोष लपत नाही. सीडीवर एका सेकंदात ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक चॅनलला १६ बिटांचे. चुका दुरुस्त करण्यासाठी जादा माहितीही सोबत लिहिलेली असते. त्या जोरावर लेझर ज्या वाटेनं वाचत जातो तिच्या दिशेनं सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा खंड प्लेअर पूर्णपणे भरून काढू शकतो. त्यापुढे तो अंदाज बांधतो, आणि अंदाजही जमला नाही की आवाज तुटतो किंवा टिचकी वाजल्यासारखं होतं. ढोल-ताशाच्या गजरात ती टिचकी बुडून जाईल. चाळीस सेकंद धरलेल्या एकाच स्वरात ती उघडी पडते. चित्रपटगीतांच्या सीडीवर जो ओरखडा वर्षानुवर्षं लक्षात येत नाही, तोच इथे पहिल्या ऐकण्यात बोचतो.

[दृश्य: तबकडीचं रेखाचित्र. आतून बाहेर उलगडणारी वर्तुळाकार वाट.]

सीडी आतून बाहेर वाचली जाते. संगीत मध्यापासून २५ मिलिमीटरवर सुरू होतं आणि ७४ मिनिटांची भरलेली तबकडी ५८ मिलिमीटरवर संपते. कड आहे ६० मिलिमीटरवर. बोटांचे ठसे, ओल, वरच्या लाखेच्या थराखाली शिरणारी हवा, सगळं त्या कडेकडून आत येतं. मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या देशात सीडीचा थर खाणारी बुरशी सापडल्याची नोंद २००१ साली झाली. तीही कडेनंच शिरली होती. म्हणजे पहिला धोका शेवटच्या ट्रॅकला, आणि या अल्बमांत शेवटचा ट्रॅक अनेकदा सर्वांत लांब, सर्वांत हळू विरत जाणारा असतो. दिलासा इतकाच की ४५ मिनिटांचा अल्बम साधारण ४८ मिलिमीटरवरच थांबतो, कडेपासून सेंटीमीटरभर आत. सत्तर मिनिटांच्या अल्बमला ती ढाल नाही.

[दृश्य: मऊ कापड, वाटीत डिस्टिल्ड वॉटर.]

पुसायचं ते मध्यापासून सरळ कडेकडे. गोल फिरवून पुसलं आणि कापडात एक रेतीचा कण असला, तर ओरखडा नेमका वाटेच्या दिशेनं ओढला जातो आणि सलग माहिती जाते. मध्यापासून कडेकडे जाणारा, वाटेला आडवा ओरखडा दहापट लांब असला तरी प्रत्येक फेरीत तो क्षणभरच आड येतो. डिस्टिल्ड वॉटर पुरतं. चिकट डाग असेल तर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल. थिनर आणि नेलपॉलिश काढायचं द्रव अजिबात नको, त्यानं तबकडीचं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिकार्बोनेट, धुरकटतं. नाव छापलेली वरची बाजू जास्त नाजूक आहे हे पुष्कळांना माहीत नसतं. खालून १.२ मिलिमीटर प्लॅस्टिकचं कवच आहे, वरून मात्र धातूच्या थरावर लाखेचा पापुद्रा तेवढा. म्हणून नाव-तारीख तिथे बॉलपेननं लिहू नका, कागदी लेबल चिकटवू नका. लेबल सुटताना धातूचा थर सोबत घेऊन येतं.

[दृश्य: हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या, छोटा आर्द्रतामापक.]

आता पावसाळा. सीडीची कपाटं बाहेरच्या भिंतीला टेकवू नयेत, मधे चार बोटं जागा हवी. दुर्मीळ तबकड्या झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा, उभ्या. आत सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपये किमतीचा आर्द्रतामापक. काटा ५० टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की ते पाणी पिऊन बसलं आहे. मग ते काचेच्या भांड्यात पसरून ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवा, पुन्हा निळं होतं. त्यात कोबाल्टचं संयुग असतं, म्हणून ते भांडं नंतर स्वयंपाकाला वापरू नका. डबा भर पावसात बंद केला, तर आतली ओल आतच कोंडते. पहिल्या आठवड्यात पुड्या दोनदा बदलाव्या लागतील.

डांबराच्या गोळ्या इथे नकोत, हे ठासून सांगायला हवं. कपड्यांच्या ट्रंकेतली ती सवय सीडीच्या कपाटात येते. नॅफ्थलीनची वाफ पॉलिस्टायरीन मऊ करते, आणि सीडीचं पारदर्शक कव्हर पॉलिस्टायरीनचंच असतं. ते चिकट, धुरकट होतं. पुस्तिकेतली खळ खाणारी कसर रोखायची तर ओल रोखा, तोच उपाय. मऊ पीव्हीसीचे पाऊचही टाळा, पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर प्लेअर चालवा. आतल्या उबेनं लेझरच्या भिंगावर बाष्प धरत नाही.

[दृश्य: लॅपटॉप, यूएसबी ड्राइव्ह. बाहेर वीज चमकते.]

नक्कल लॅपटॉपवरच करावी, कारण लाईट गेली तरी बॅटरीवर काम पुरं होतं. त्यासाठीचं सॉफ्टवेअर: विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी. दोन्ही फुकट मिळतात. सिक्युअर मोड लावा, म्हणजे शंका आली की तो भाग पुन्हा पुन्हा वाचला जातो. ‘टेस्ट अँड कॉपी’ निवडा: प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचला जातो आणि दोन्ही वेळचा सीआरसी, म्हणजे वाचलेल्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा, जुळला पाहिजे. अ‍ॅक्युरेटरिप ही इंटरनेटवरची नोंदवही तुमची नक्कल जगभरच्या लोकांच्या नकलांशी ताडून पाहते, पण दीडशे प्रतींच्या अल्बमची तिथे नोंद बहुधा नसते. मग दुसऱ्या ड्राइव्हवर पुन्हा वाचा. दोन्ही ड्राइव्हचा ऑफसेट, म्हणजे ड्राइव्ह किती नमुने पुढे-मागे वाचतो तो फरक, सॉफ्टवेअरमध्ये आधी नीट भरलेला असेल आणि सीआरसी सारखा आला, तर नक्कल खरी. एकच ट्रॅक जुळत नसेल, तर तबकडी पुसा आणि वाचण्याचा वेग कमी करा, ऐकण्याच्या वेगाच्या चौपटीवर किंवा आठपटीवर आणा.

साठवायचं फ्लॅकमध्ये, म्हणजे काहीही न गमावता आकार घटवणाऱ्या फाइलमध्ये. सोबत क्यू शीट (ट्रॅक कुठे सुरू होतात त्याची यादी) आणि लॉग (वाचनाचा अहवाल). ४५ मिनिटं म्हणजे वेव्ह या न दाबलेल्या फाइलमध्ये सुमारे ४७६ एमबी. फ्लॅकमध्ये ती साधारण निम्म्यावर येतात, आणि संगीत इतकं शांत असलं की त्याहून खाली. एमपी३ इथे दगा देतं. एमपी३ बनवणारा एन्कोडर ट्रॅकच्या टोकांना काही मिलिसेकंदांची शांतता जोडतो आणि एकातून एक वाहणाऱ्या ट्रॅकच्या सांध्यावर आचका बसतो. आवाज समान करणारी रीप्लेगेन सोय वापरत असाल, तर ती ‘अल्बम’वर ठेवा. ‘ट्रॅक’वर ठेवली, तर कलाकारानं मुद्दाम मंद ठेवलेला भाग फुगवला जातो.

पुस्तिका ६०० डीपीआयनं (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून त्याच फोल्डरात टाका. एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या घरात. भाऊ निपाणीला असेल तर निपाणीला.

[दृश्य: हेडफोन. पाऊस थांबलेला. पडद्यावर ध्वनिलहर बारीक होत जाते.]

शेवटी कानानं तपासा. रात्री, पंखा बंद करून, हेडफोन लावून शेवटच्या ट्रॅकची शेवटची पाच मिनिटं. कळ फिरवून आवाज वाढवायचा मोह आवरा. नेहमीच्या पातळीवर स्वर विरेपर्यंत थांबा. मग डब्यात चिठ्ठी ठेवा: तारीख, ड्राइव्हचं नाव, प्रत्येक ट्रॅकचा सीआरसी. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तबकडी काढून तोच ट्रॅक पुन्हा वाचायचा आणि आकडा चिठ्ठीशी ताडायचा.

[दृश्य: चिठ्ठी डब्यात. झाकण बंद.]