आवाज वाढला, ताकद कुठे वाढली?

नमस्कार श्रोतेहो.

वरळी सी फेस किंवा मरीन ड्राइव्हच्या आसपास राहणाऱ्यांच्या हा आवाज कानावर पडलेला आहे. रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, सिग्नल सुटतो आणि एखादी गाडी फाटक्या, कर्कश आवाजात सुसाट निघते. अशा बऱ्याच गाड्यांचा सायलेन्सर बदललेला असतो आणि काहींचा त्याच्या आधी बसणारा, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे ‘कॅट’ही काढलेला असतो. ‘कॅट काढून टाक, गाडी मोकळी होईल, पिकअप वाढेल,’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं. त्या सांगण्यावर विश्वास ठेवून मुलं चांगले हजारो रुपये घालवतात, म्हणून आज त्याविषयी बोलतो.

आधी हा कॅट करतो काय, ते पाहू. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनीमातीची वीट, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम यांचा अतिशय पातळ थर, आणि बाहेरून पत्र्याचा डबा. इंजिनातून येणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या छिद्रांतून जाताना बरेच निरुपद्रवी होतात. नीट तापलेला कॅट यातला ९० टक्क्यांहून जास्त भाग साफ करतो. मात्र त्याला साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापमान लागतं, म्हणून गाडी सुरू केल्यानंतरची पहिली काही मिनिटं सगळ्यात घाण असतात. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला तो एप्रिल १९९५ पासून, आणि त्याच्या जोडीनेच शिसंविरहित पेट्रोल आलं. शिशाने कॅट निकामी होतो, त्यामुळे दोन्ही एकदम येणं भागच होतं.

आता आवाज. आवाज दाबायचं मुख्य काम सायलेन्सरचं. पण कॅटमधल्या त्या हजारो बारीक वाटांतून जाताना धुराच्या झटक्यांची धारही बोथट होते, विशेषतः चिरका, पत्र्यासारखा वाजणारा भाग. कॅट गेला की नेमका तोच भाग मोकळा सुटतो. काही गाड्यांत ठरावीक आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या ठरावीक फेऱ्यांना, आत एक घुमणारा आवाज सुरू होतो आणि पनवेलपर्यंत जाताना डोकं भणभणतं. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो, हे लक्षात घ्या.

आणि ताकद? पूर्वीचे कॅट खरंच धूर अडवायचे, ही समजूत तिथूनच आली. आजच्या कॅटमधून धूर बराच सहज जातो. ८०-८५ हॉर्सपॉवरच्या साध्या पेट्रोल गाडीत कॅट काढून दोन-तीन हॉर्सपॉवर मिळाली तरी खूप, आणि तीसुद्धा आरपीएम बरेच वर गेल्यावर. टर्बो गाडीत फरक जास्त पडतो, पण त्यासाठी ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, नव्याने ट्यून करावा लागतो. सायन ते अंधेरी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगणाऱ्या माणसाला त्या वरच्या आरपीएमचा उपयोग काय? आवाज मोठा झाला की गाडी जोरात पळतेय असं वाटतं. स्टॉपवॉच लावून बघा, मग कळेल.

नुकसान मात्र रोजचं असतं. कॅटच्या पुढे-मागे ऑक्सिजन सेन्सर असतात. मागच्याला कॅट काम करत नसल्याचं समजतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. मग त्या सेन्सरला फसवायला स्पेसर, म्हणजे त्याला धुरापासून जरा लांब धरणारा तुकडा, बसवतात. एकदा तो बसला की पुढे खरा बिघाड झाला तरी दिवा लागेलच याची खात्री उरत नाही. मला सगळ्यात काळजी वाटते ती स्टिल्ट पार्किंगवरच्या घरांची. सकाळी खाली अशी गाडी तापवत ठेवली, तर कार्बन मोनॉक्साइड पहिल्या मजल्याच्या खिडकीतून आत शिरू शकतो. त्याला ना वास, ना रंग. कायद्याचं म्हणाल तर आवाज आणि प्रदूषणाची मानकं मोडल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार पहिल्या गुन्ह्यालाच १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय लायसन्सही तीन महिने जातं.

एक गोष्ट मात्र खरी आहे. कॅट चोंदला तर गाडी ओढत नाही, चढावर दम टाकते, खालून तापते. आतली वीट फुटली असेल तर डबा खडखड वाजतो. अशा वेळी काही जण डबा कापून आतून पोकळ करून देतात, आणि गाडी लगेच सुधारल्यासारखी वाटते. तसं करू देऊ नका. आधी मेकॅनिकला पुढचा सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावायला सांगा. २५०० आरपीएमला दाब ३ पीएसआयच्या वर जात असेल, तर वाट अडली आहे असं समजा. मग कॅट चोंदला कशाने ते शोधायला लावा: प्लग मिस होतोय का, म्हणजे ठिणगी चुकतेय का, कॉइल गेली आहे का, इंजिन ऑइल खातंय का. सीएनजी गाडी असेल तर प्लग आधी बघा, कारण सीएनजी पेटायला जास्त जोरकस ठिणगीची गरज असते आणि झिजलेला प्लग तिथे लवकर मिस होतो. तो दोष तसाच ठेवून नवा कॅट बसवला, तर तोही त्याच वाटेने जाईल. आणि जुना कॅट गॅरेजमध्ये तसाच सोडून येऊ नका. २०२१ साली रोडियम सोन्याच्या कितीतरी पट महाग होतं, आणि भंगारात आजही त्या डब्याला चांगला भाव येतो. तो भाव विचारून बिलातून वजा करून घ्या.

नमस्कार.